चेलनाची क्लिप

"सुलोचना, आधण आलं बघ. त्या चेलूची डबी आण हिकडं."

मी जपाला बसले होते. जपमाळ हातात असताना मी बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याबाईंनाही, म्हणजे माझ्या सासूबाईंनाही. पण त्या सांगायचं सोडत नसत. सांगून झालं, उत्तर आलं नाही, की पुटपुटत स्वतःच करून टाकत. तसंच झालं. मोरीजवळच्या फळीवरून डबी काढल्याचा आवाज आला, मग पातेल्यातून पाणी ओतल्याचा.

डबी निळ्या प्लॅस्टिकची होती. तिच्यात माझ्या मुलीची, चेलनाची, क्लिप असायची. अडीच वर्षं दातांवर तारा होत्या; त्या निघाल्या तेव्हा दातांच्या डॉक्टर शेवडे मॅडमनी काचेसारखी पारदर्शक क्लिप दिली होती, वरच्या दातांवर टोपीसारखी बसणारी. वर्षभर ती जेवणाखाण्यापुरती सोडून सतत घातली, आता फक्त रात्री झोपताना. पहाटे मी उठायच्या सुमाराला आतल्या खोलीतून टक् असा बारीक आवाज यायचा. क्लिप काढल्याचा. मग चेलना ती मऊ ब्रशनं, गार पाण्याखाली घासायची, डबीत पाणी घालून त्यात ठेवायची आणि अभिषेकाला मंदिरात जायची. एकही दिवस चुकल्याचं मला आठवत नाही.

आत्याबाईंचा आक्षेप होता तो डबीतल्या पाण्यावर. नळाचं पाणी, न गाळलेलं, आणि दिवसभर साठवलेलं. "त्यात किती जीव पडत असतील! आन् तेच पुन्हा तोंडात?" आमच्यात पाणी गाळूनच वापरतात. पण गाळलेल्या पाण्यातही थोड्या वेळानं पुन्हा जीव होतात. उकळलेलं, म्हणजे प्रासुक पाणी मात्र दिवसभर चालतं. पूर्वी चेलना म्हणायची, "आजी, मी ते पीत नाही गं." आणि विषय संपायचा. पण गेल्या महिन्यापासून गोष्ट वेगळी झाली होती. चेलना आता साधी नात राहिली नव्हती.

आमच्या गावात त्या वर्षी माताजींचा चातुर्मास होता. आर्यिका माताजी, म्हणजे आमच्या जैन साध्वी, पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, बोलणं इतकं मृदू की मंडपात मागं बसलेल्यांना पुढं सरकावं लागायचं. चेलनाची बी.एस्सी.ची परीक्षा झाली होती, ती रोज स्वाध्यायाला जायला लागली. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत, उत्तम त्यागाच्या दिवशी प्रवचन संपता संपता ती उभी राहिली आणि सगळ्या समाजासमोर म्हणाली, "माताजी, मला संघात यायचं आहे." आधी आजीवन ब्रह्मचर्य व्रत, संघाबरोबर अनवाणी विहार आणि योग्य वेळ आली की दीक्षा. मंडपात एवढी माणसं होती, पण क्षणभर पंख्यांचाच आवाज येत होता. मग जयजयकार झाला. बायकांनी माझे हात हातात घेतले. "सुलोचनावहिनी, तुमच्याच पुण्याईचं फळ हे." मी रोज सकाळी एक नेम घेते, कधी एक रस सोडायचा, कधी ठरावीक वेळ मौन, कधी नुसतं रागानं बोलायचं नाही. त्या दिवशीचा नेम काय होता ते मला आठवेना.

तेव्हापासून आत्याबाई नातीला हाक मारतानासुद्धा आवाज बदलत. संघात जाणाऱ्या मुलीच्या तोंडात न गाळलेल्या पाण्यातली वस्तू जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

माळ संपवून मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा डबीतून वाफ येत होती.

"आत्याबाई, गरम पाणी?"

"मग प्रासुक कसं व्हायचं? गार करून घालायचं म्हटलं तर त्यात पुन्हा माशी पडंल, धूळ पडंल. हितंच निवंल."

मी चमच्यानं क्लिप बाहेर काढली. भाजलेल्या पापडाची कड वळावी तशी तिची एक बाजू वर उठली होती, मधला भाग चपटा झाला होता. दातांचे साचे नुसते ओळखू येत होते.

तेवढ्यात चेलना आली. कपाळाला गंध, हातात गंधोदकाची, अभिषेकाच्या पाण्याची वाटी. तिनं माझ्या हातातली क्लिप पाहिली आणि वाटी ओट्यावर ठेवली, हळूच, जणू कुणीतरी झोपलंय.

"कुणी उकळली?"

"मी गं बाय," आत्याबाई म्हणाल्या. "मला काय ठावं, ती मेणाची हाय म्हणून. जाऊ दे. न्हाईतरी तुला आता सोडायचंच हाय की सगळं. तिकडं कोण घालू देणार? दीक्षा झाल्यावर तर दात घासायचं पण न्हाई."

ते खरं होतं. अदंतधावन, म्हणजे दात न घासणं, हा साधूंच्या मूलगुणांपैकीच एक आहे.

"हो आजी," चेलना म्हणाली. "जाऊ दे."

ती हसली. ओठ मिटून. ते हसू मी ओळखत होते. तारा बसवायच्या आधी, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले असताना, ती वर्षानुवर्षं तशीच हसायची. फोटोत, लग्नांत, बक्षीस घेताना. तारा लावायचा हट्ट तिनंच धरला होता. आम्ही कुणी सुचवलं नव्हतं. तारा निघाल्या त्या दिवशी ती जयसिंगपूरच्या बसस्टँडवर एका अनोळखी बाईनं किती वाजले विचारलं तर तिच्याकडे बघून तोंडभर हसली होती, एवढं माझ्या लक्षात राहिलंय.

त्यानंतरचे काही दिवस घरात गडबड होती. रविवारी मंदिराच्या सभामंडपात अनुमतीचा कार्यक्रम ठरला होता. आमच्यात आई-वडिलांची संमती असल्याशिवाय माताजी कुणालाही असं व्रत देत नाहीत. समाजासमोर विचारतात. आई-वडील मुलीच्या हातात श्रीफळ देतात, मुलगी ते माताजींच्या पुढं ठेवते. श्रीफळ हातात दिलं म्हणजे अनुमती दिली. आत्याबाईंनी बेळगावच्या, सांगलीच्या, कोल्हापूरच्या सगळ्या पाहुण्यांना फोन लावले. "आमच्या घराण्यात पयली," असं त्या प्रत्येकाला सांगत आणि मग पदरानं डोळे पुसत.

ह्यांना मी एकदा विचारलं, "तुमच्या मनाला काय वाटतं?"

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तिची इच्छा, तुझे संस्कार. मी मध्ये कोण येणार? मी हो म्हणून बसलोय."

पण पेपर कितीतरी वेळ त्याच पानावर होता.

आणि चेलना. स्वाध्याय करताना, भाजी निवडताना, माझ्या शेजारी बसून बोलत असतानासुद्धा तिचा अंगठा तोंडाशी जायचा. मला आधी वाटलं, लहानपणीची सवय. मग नीट पाहिलं. ती अंगठ्यानं पुढचे दोन दात आत दाबून धरत होती. थोडा वेळ दाबायची, सोडायची, जिभेनं चाचपायची, पुन्हा दाबायची.

"दुखतंय का गं?"

"नाही." अंगठा पटकन खाली. मग थोड्या वेळानं, ताटावरून नजर न उचलता, "आई, जयसिंगपूरला जाऊन येऊया का एकदा? शेवडे मॅडमना सांगून येऊ. एवढं केलं त्यांनी. न सांगता कसं जायचं?"

शुक्रवारी आम्ही गेलो.

शेवडे मॅडमनी वाकडी क्लिप दोन बोटांत धरून उजेडाला लावली. "हिला कुणी तळलं?"

"उकळली," चेलना म्हणाली. "आजीनं. जीव पडू नयेत म्हणून."

"आजींना सांगा, जीव नाहीत पडत, क्लिपच जीव सोडते." मॅडम हसल्या, मग माझ्याकडे बघून गंभीर झाल्या. "माफ करा हं वहिनी. तुमच्याकडचं पाळणं मला माहीत आहे. पाणी उकळा, खुशाल उकळा. पण पूर्ण गार होऊ द्या, मग घाला. आ कर गं."

चेलनानं आ केला. मॅडमनी आरशानं पाहिलं, पुढच्या दातांवर नख टेकवून पाहिलं.

"थोडं हललंय. आठवड्यात एवढंच. पण बघा, दातांना आपली जुनी जागा आठवत असते. धरून ठेवलं नाही तर ते निघाले परत." त्यांनी हातमोजे काढले. "नवीन करायची ना? आज माप घेते."

मी म्हणाले, "मॅडम, ती संघात जाणार आहे. रविवारी अनुमती आहे. पुढं दीक्षा होईल."

खोलीत मागं एक यंत्र चालू होतं, ते मॅडमनी बंद केलं. मग चेलनाकडे वळल्या, माझ्याकडे नाही. "मग? करायची की नको?"

चेलना छताकडे बघत खुर्चीत पडून होती. समोरचा दिवा तिच्या तोंडावर होता.

"मॅडम, ही किती वर्षं घालावी लागते?"

"रोज रात्री. जमेल तितकी वर्षं. ही खराब झाली की पुन्हा नवीन."

"म्हणजे मी तीस वर्षांची झाले तरी?"

"तीसची झालीस तरी."

"चाळीस?"

"चाळीस, पन्नास. मी स्वतः घालते." मॅडमनी आपले दात दाखवले. "नवऱ्याला वाटतं मी रात्री त्याच्यावर दात खाते. बिचारा घाबरून असतो."

चेलना हसली. तोंड उघडून, आवाज करून, हातानं न झाकता हसली. मंडपातल्या त्या दिवसापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि हे मला ती हसेपर्यंत कळलंही नव्हतं.

"घ्या माप," ती म्हणाली.

गुलाबी लगदा भरलेला साचा मॅडमनी तिच्या तोंडात बसवला. तो घट्ट होईपर्यंत बोलता येत नाही. तिनं डोळे मिटून घेतले. मी तिच्या पायाशी बसले होते. एकवीस वर्षांची माझी मुलगी, चाळिसाव्या वर्षी आपले दात सरळ असावेत म्हणून तोंडात लगदा धरून बसली होती.

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर बसलो. सूर्य मावळतीला आला होता. मावळल्यावर मी पाणीही घेत नाही, म्हणून चेलनानं बाटली पुढं केली. मी प्यायले. बाटली परत देताना विचारलं, "चेलू, तुला जायचंय ना?"

"मी सगळ्यांसमोर बोलले आहे, आई."

"ते नाही विचारलं मी."

ती बाटलीचं झाकण लावत राहिली. ते कधीच लागलं होतं.

"त्या दिवशी खरंच वाटलं होतं," ती म्हणाली. "खोटं नव्हतं ते. माताजी बोलत होत्या आणि मला वाटलं, आत्ता उठले नाही तर कधीच नाही. मग सगळे रडायला लागले. आजीनं माझ्या पायाला हात लावला, आई. माझ्या पायाला! आता..." ती थांबली. "तूच म्हणतेस ना, घेतलेला नेम मोडायचा नाही. छोटासा असला तरी."

"हो. म्हणते."

"मग झालं तर."

बस आली. तिनं धावत जाऊन माझ्यासाठी खिडकीची जागा धरली.

रविवारी मी मीठ खात नाही. अळणी दोन घास खाऊन मंदिरात गेले. मंडप भरला होता. आत्याबाई पहिल्या रांगेत, नवीन इरकल नेसलेल्या. बेळगावच्या जावा, सांगलीच्या नणंदा. चेलना केशरी साडीत, माताजींच्या पाटासमोर हात जोडून. तिचे ओठ मिटलेले होते.

माताजींनी आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "हो माताजी." आवाज स्पष्ट होता. मग ह्यांना विचारलं. ह्यांनी मान हलवली, दोनदा, आणि खाली पाहिलं.

"आणि आई?"

कुणीतरी माझ्या हातात श्रीफळ दिलं. हळदकुंकू लावलेलं, शेंडी व्यवस्थित पिंजलेली. मी उठले. सगळ्यांना वाटलं, पुढं होणार आणि मुलीच्या हातात देणार. माझ्याइतकी त्यासाठी योग्य बाई गावात दुसरी नव्हती, असंच सगळे म्हणत होते.

मी मोठ्यानं कधी बोलत नाही. तेव्हाही नाही बोलले. म्हणून पुढच्या दोन-तीन रांगांनाच पहिल्यांदा ऐकू गेलं.

"माताजी, माझी अनुमती नाही."

"काय म्हणाली?" मागून कुणीतरी विचारलं. ते वाक्य तोंडातोंडी मागं मागं जात राहिलं. आत्याबाई उभ्या राहिल्या. "सुलोचना! डोकं फिरलं का तुझं?"

माताजींनी हात वर केला. सगळे गप्प झाले. "कारण सांगता येईल?"

मी चेलनाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं असतं. मी माताजींच्या पिंछीकडे बघून म्हणाले, "माझा मोह सुटत नाही. एकच मुलगी आहे. तिच्याशिवाय मी राहू शकत नाही."

मागं बायकांमध्ये कुजबुज उसळली. एवढे नेम, एवढे उपवास आणि शेवटी हे? आयुष्यभर माळ ओढून काय मिळवलं? हे मी कानांनी ऐकलं. श्रीफळ हातात जड झालं होतं. ते कुठं ठेवावं कळेना, म्हणून छातीशी धरून उभी राहिले.

माताजी माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग चेलनाकडे वळल्या. "आईची अनुमती नाही, तर व्रत नाही, बाळ. आगमाची तशी आज्ञा आहे. तुझा शब्द मोडला असं मानायचं कारण नाही. घरी राहा. श्रावक धर्म पाळ."

चेलनानं वाकून नमस्कार केला. डोकं जमिनीला टेकवलं ते लवकर उचललंच नाही. तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, दुःखानं.

त्या दिवशी आत्याबाई माझ्या हातचं जेवल्या नाहीत. "सगळ्या पाव्हण्यांत नाक कापलंस," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी पाणी घेऊन गेले तर ह्यांनी तांब्या घेतला आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. लग्न झाल्यापासून उघड्यावर असं कधी केलं नव्हतं ह्यांनी.

दुपारी मी परातीत तांदूळ निवडत होते. चेलना समोर येऊन बसली. साडी बदलून नेहमीचा पंजाबी ड्रेस घातला होता.

"आई, तू खोटं बोललीस."

मी खडा बाजूला काढला.

"तुला मोहबिह काही नव्हता. परवापर्यंत तू मला पाठ करायला स्तोत्रं काढून देत होतीस. माझ्यासाठी बोललीस. सत्याचं व्रत आहे तुझं, आणि मंदिरात, माताजींपुढं..." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "आता सगळे तुला बोलणार. मी सांगू का सगळ्यांना खरं काय ते?"

"नको."

"का?"

"मग तू शब्द मोडलास असं होईल. आत्ता फक्त मी अडवलं असं झालंय. ते मला चालेल."

"आणि तुझं व्रत?"

"त्याचं प्रायश्चित्त घेईन. उद्या माताजींकडे जाते."

तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, परातीशेजारी. तांदूळ थोडे सांडले. आम्ही दोघी ते एकेक करून वेचत बसलो.

आता चेलना मिरजेला असते, शाळेत विज्ञान शिकवते. दसऱ्या-दिवाळीला येते तेव्हा तिच्या मुली घर डोक्यावर घेतात. आत्याबाई गेल्या, जाईपर्यंत त्या कुणी विचारलं की सांगायच्या, "आमच्या सुनंचा जीव मुलीत अडकला, न्हाईतर आज आमची नात माताजी असती." मी त्यांना कधी अडवलं नाही. गावात अजूनही कुणी संघात गेलं की लोक माझ्याकडे एकदा बघून घेतात. बघू दे. त्या रविवारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी माताजींकडे काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, चेलनालाही नाही.

माताजी आहाराला निघायच्या आधी, ऊन अजून कोवळं असताना गेले होते. वंदना केली, बाजूला बसले आणि म्हणाले, "माताजी, काल मी आपल्यापुढं असत्य बोलले. प्रायश्चित्त द्या."

माताजींनी पोथी मिटली. "कोणतं वाक्य असत्य होतं? तेवढं म्हणून दाखव, म्हणजे त्यानुसार देता येईल."

मला वाटलं, सोपं आहे. पाठच होतं.

"माझा मोह सुटत नाही," मी म्हणाले. "एकच मुलगी आहे. तिच्याशिवाय मी..."

पुढचे शब्द येईनात. मी पुन्हा सुरुवात केली. माझा मोह सुटत नाही, एकच मुलगी आहे. पुन्हा तिथंच थांबले. मी पदर तोंडाला लावला, आणि किती वेळ रडत होते कोण जाणे. खूप वर्षं असं रडले नव्हते.

शांत झाले तेव्हा माताजींनी विचारलं, "मग? कशाचं प्रायश्चित्त देऊ?"

मी नुसते हात जोडले.

"जा घरी," त्या म्हणाल्या. "मुलगी वाट बघत असेल."